डब्याच्या मागचं वाचलं नाही तेव्हा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



दर महिन्याला या वेळेला आम्ही तुमच्याशी बोलतो ते बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्यांबद्दल, नाहीतर पापड-कुरडयांच्या हंगामाबद्दल. आज विषय जरा वेगळा आहे. आमच्या गटाने गावात गाणी रेकॉर्ड करायची एक छोटी खोली केली आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. या रेडिओवर सकाळी ज्या ओव्या लागतात, त्यांतल्या काही त्या खोलीतून येतात. पण ती खोली नीट चालू व्हायला सात महिने का लागले आणि त्यात आमचं काय गेलं, हे आम्ही कुठे बोललो नव्हतो. लाज वाटत होती. मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या गटातल्या ताई आल्या आणि म्हणाल्या, "आम्हीपण तुमच्यासारखंच सामान घेतोय, यादी द्या." यादी द्यायला काय, पाच मिनिटांत देता येते. पण आमचीच यादी त्यांच्या कॉम्प्युटरला चालेल का, हे आम्हाला सांगता येईना. म्हणून आज हे बोलणं.

खोली म्हणजे काय, तर जुन्या धान्याच्या गोदामाची मागची बाजू. भिंतींना आम्ही घरातल्या जाड गोधड्या टांगल्या, दाराला गोणपाट लावलं, खाली सतरंजी टाकली. आवाज घुमायचा थांबला. एवढं काम आमच्या हातचं होतं आणि ते झकास झालं. पुढचं आमच्या हातचं नव्हतं.

कॉम्प्युटर आम्हाला एका शाळेने दिला होता, त्यांच्याकडे नवे आले म्हणून. २०११ सालचा. त्याच्या मागच्या गुलाबी भोकात आम्ही एक साधा माईक खुपसला आणि ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग करायला लागलो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, २००० सालापासून आहे, आणि आमच्यासारख्यांना पुरून उरतं. त्यावर आम्ही एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. नऊ दिवस त्या रोज दुपारी यायच्या, चहा घ्यायच्या आणि मांडी घालून बसायच्या. आवाज येत होता, पण मागे सतत घरघर. कॉम्प्युटरच्या पोटात पंखा असतो, विजेच्या तारा असतात, त्यांचा सगळा गोंगाट त्या गुलाबी भोकातून आत येतो. रेडिओ केंद्रातल्या ताई म्हणाल्या, "आवाज गोड आहे, पण घरघर फार. ऑडिओ इंटरफेस घ्या."

ऑडिओ इंटरफेस म्हणजे शिदोरीच्या डब्याएवढी एक पेटी. माईकमधून जी वीज येते ती अगदी बारीक असते. ही पेटी ती वाढवते आणि तिचे आकडे करून यूएसबीच्या वायरने कॉम्प्युटरला देते. आकडे म्हणजे किती, तर एका सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलं जातं. सीडी निघाली तेव्हापासून हा हिशोब चालत आलेला आहे. मापं घेण्याचं काम कॉम्प्युटरच्या बाहेर होतं, म्हणून आतली घरघर त्यात येत नाही.

बैठकीत ठराव झाला. इंटरफेस, चांगला माईक, हेडफोन, स्टँड आणि वायरी मिळून २७,००० रुपये. गटाच्या अंतर्गत निधीतून कर्ज, महिन्याला १,५०० रुपयांचे अठरा हप्ते, वर शेकडा एक रुपया व्याज. बारा जणींपैकी दोघींचं मत नव्हतं. त्या म्हणाल्या, या पैशात पिठाची गिरणी दुरुस्त होईल. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आजही आम्हाला वाटत नाही. पण बाकीच्यांनी हात वर केले. आम्ही शहरात जाऊन सामान आणलं, दुकानदाराने डबा उघडून दाखवला, चकचकीत पेटी, आम्ही खूश.

घरी आणून वायर लावली. पेटीवरचा दिवा लागला. कॉम्प्युटर म्हणाला, ही वस्तू ओळखीची नाही.

वायर काढली, परत लावली. दुसऱ्या भोकात लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एकीने हळदीकुंकूसुद्धा वाहिलं, ते जाऊ द्या. चार दिवसांनी दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "ताई, माल चांगला आहे, उघडलेला डबा परत घेत नाही." माल खरंच चांगला होता. ती पेटी दुकानातल्या कॉम्प्युटरवर झकास चालत होती, आणि आमचा कॉम्प्युटरही इतकी वर्षं सगळी कामं करत होता. दोघंही चांगले, पण एका घरात नांदेनात. पहिला हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरावाच लागला. त्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "सत्तावीस हजारांचा डबा आणलाय, त्यात निदान लोणचं तरी घाला." सगळ्या हसल्या. आम्ही ज्यांनी आग्रह धरला होता, त्यांना काही हसू आलं नाही.

गटातल्या एका ताईंच्या धाकट्या दिरांचं तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी रिकामा डबा मागितला आणि उलटा केला. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: विंडोज १० किंवा ११, ६४ बिट, कमीत कमी ४ जीबी रॅम. मग त्यांनी आमचा कॉम्प्युटर उघडून दाखवलं: विंडोज ७, ३२ बिट, २ जीबी रॅम. तिन्ही ठिकाणी नापास. "वहिनी," ते म्हणाले, "हे डब्यावर छापलेलं आहे." आमच्यात एक बी.ए. झालेली आहे, तिनेही डब्याची पुढचीच बाजू वाचली होती. पुढच्या बाजूला गिटार वाजवणाऱ्या मुलीचं चित्र होतं.

आता हे ३२ आणि ६४ बिट काय, ते भाऊजींनी जसं समजावलं तसं सांगतो. विंडोज दोन मापांत यायची. ३२ मापाच्या विंडोजला जास्तीत जास्त ४ जीबी रॅम वापरता येते, ६४ वालीला त्याहून पुष्कळ. आमच्या कॉम्प्युटरला रॅमच दोन होती, म्हणून कोणीतरी त्यात ३२ वाली घालून ठेवली होती. आता बाहेरून जी कुठली वस्तू आपण जोडतो, तिची आणि विंडोजची बोलणी करून द्यायला एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हाही एक छोटा प्रोग्रामच. गंमत अशी की जुने ३२ मापाचे इतर प्रोग्राम ६४ च्या विंडोजवर बहुतेक चालतात, पण दुभाषा मात्र अगदी त्याच मापाचा लागतो. ३२ चा ६४ ला चालत नाही आणि ६४ चा ३२ ला चालत नाही. आमच्या पेटीच्या कंपनीने ३२ चा दुभाषा केलेलाच नव्हता. विंडोज ७ ची देखभाल मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये बंद केली. आम्ही पेटी घेतली २०२३ मध्ये. मग त्या विंडोजसाठी कोण कशाला काही करेल?

चांगली गोष्ट एवढीच की कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, ६४ चं काम करू शकणारा होता. रॅम वाढवायची आणि ६४ बिटचं विंडोज १० घालायचं, एवढ्यावर भागणार होतं. रॅमची पट्टी आम्हीच आणतो म्हणालो, कारण एक जण शहरात जाणारच होती. तिने ४ जीबीची पट्टी आणली. ती बसेना. या पट्टीला खाली एक खाच असते. आमच्या कॉम्प्युटरला डीडीआर ३ लागत होती, आणलेली होती डीडीआर ४. खाच वेगळ्या जागी. चुकीची पट्टी आत जाऊच नये म्हणून ती खाच मुद्दाम तशी ठेवलेली असते, हे नंतर कळलं. तोवर आम्ही दोघींनी मिळून ती दाबून बघितली होती. भाऊजींनी डोक्याला हात लावला. नशीब, काही मोडलं नाही, आणि त्या दुकानदाराने बदलूनही दिली.

मग आला तो दिवस. भाऊजी म्हणाले, "मी आतलं सगळं पुसून नवीन विंडोज घालणार. तुमचं जे काही ठेवायचं आहे ते आधी काढून घ्या." आम्ही दोघी बसलो, पेनड्राइव्ह लावला, आजींच्या ओव्यांच्या नऊ दिवसांच्या नऊ फायली उचलल्या आणि त्यात टाकल्या. क्षणात झालं. आम्हाला बरंच वाटलं, की बघा, नऊ दिवसांचं रेकॉर्डिंग आणि जागा किती थोडी घेतली!

तिथेच शंका यायला हवी होती.

त्या वेळी आमच्याकडे ऑडॅसिटीची जुनी, दोन नंबरची आवृत्ती होती. ती एका कामाच्या दोन गोष्टी करून ठेवायची. एक छोटी फाईल, आणि तिच्या शेजारी त्याच नावाचं, शेवटी 'डेटा' लावलेलं एक फोल्डर. छोट्या फाईलमध्ये फक्त नोंद, की कुठला तुकडा कुठे लावायचा. आवाज सगळा त्या फोल्डरमध्ये, शेकडो बारीक तुकड्यांत. आम्ही फाईल नेली आणि फोल्डर ठेवला. गटाच्या भाषेत सांगायचं तर वही आणली आणि पैशांची पेटी तिथेच राहिली. भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे सगळं पुसलं. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी दोनदा विचारलं होतं, "सगळं घेतलं ना?" आम्ही दोनदा हो म्हणालो.

नव्या विंडोजवर पेटी लागली, दुभाषा बसला, माईकचा आवाज स्वच्छ यायला लागला. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, आजींची ओवी लावा. फाईल उघडली. फाईल उघडली तशी समोर सूचना आली, आवाजाचे तुकडे सापडत नाहीत. पुढे पट्टी सपाट. नऊही फायलींना तेच.

पुसलेलं परत काढायचं सॉफ्टवेअर असतं. भाऊजींनी ते रात्रभर चालवलं. काही तुकडे सापडलेही. पण एकेक तुकडा साधारण सहा सेकंदांचा, आणि नावं अशी की कुठला पहिला नि कुठला नंतरचा हे कळेना. फुटलेल्या बरणीचे तुकडे पदरात गोळा करावेत तसं ते ऐकत बसलो. एका तुकड्यात आजी नुसत्या खोकल्या आहेत. एकात जात्याची फक्त घरघर आहे. ओवीची एक ओळसुद्धा पुरी नाही. नऊ दिवसांपैकी दोन दिवसांच्या ओव्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या केंद्राला देण्यासाठी आम्ही आधीच एमपीथ्री करून पाठवल्या होत्या.

आजींना सांगायला गेलो तेव्हा पाय उचलत नव्हते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा गाईन की. पण बाई, दळताना जी येते ती ओवी येते. तीच परत म्हण म्हटलं तर कुठून आणू?" पुढे त्या पुन्हा चार दिवस आल्या, नवीन ओव्याही दिल्या. पण त्यांच्या माहेरच्या नदीच्या पुरावरच्या ज्या होत्या, त्या नाही आल्या.

मैत्रिणींनो, या ओव्यांची किंमत आम्हाला आधीपासून ठाऊक नव्हती असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहात आज त्यातल्या कितीतरी ओव्या वाचता येतात, ऐकता येतात. ते काम बघूनच आम्ही ही खोली काढली होती. आणि आमच्याच गावातल्या आजींचा आवाज आम्ही स्वतः पुसला. म्हणून आता पहिला नियम असा, की रोजचं रेकॉर्डिंग संपलं की उठायच्या आधी त्याची वेव्ह फाईल करायची आणि ती दोन ठिकाणी ठेवायची. वेव्ह फाईल मोठी होते. सीडीच्या मापाने दोन बाजूंचा आवाज असेल तर मिनिटाला साधारण १० एमबी, एका बाजूचा असेल तर ५. पण ती कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. एमपीथ्री मिनिटाला एक एमबीतही होते, पण जागा वाचवायला ती आवाजातला काही भाग टाकून देते. पाठवायला ठीक, जपायला नाही.

ऑडॅसिटीनेही २०२१ च्या मार्चमध्ये, तिसऱ्या आवृत्तीपासून, ती फाईल आणि फोल्डरची भानगड काढून टाकली. आता सगळं एकाच फाईलमध्ये राहतं. पण त्यातही एक मेख आहे. नव्या आवृत्तीची फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आम्ही नवी घातली, केंद्रात जुनी होती. आम्ही उत्साहाने फाईल पाठवली आणि तिकडून फोन, "ताई, हे उघडत नाही." म्हणजे एकाच नावाचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे असलं, तरी ते जुळेलच असं नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकींना फक्त वेव्ह पाठवतो.

यानंतर बारीकसारीक पुष्कळ झालं, ते भराभर सांगतो. नवा माईक पहिल्या दिवशी मुका. तो कंडेन्सर जातीचा आहे, त्याला पेटीकडून ४८ व्होल्टची वीज लागते आणि त्याचं बटण पेटीवरच असतं. ते दाबलं की बोलायला लागला. एकदा पेटी अचानक दिसेनाशी झाली. कारण कोणीतरी तिची वायर मोबाईलला लावायला नेली आणि जागेवर दुसरी, तशीच दिसणारी वायर ठेवली. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. वीज जाते म्हणून दिवा लागतो, पण आकडे जात नाहीत. आता आमच्या वायरीला लाल दोरा बांधलेला आहे आणि तिला कोणी हात लावत नाही.

आवाज उशिरा ऐकू येण्याचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यामुळे आमच्या एक मावशी रुसून घरी गेल्या होत्या. हेडफोन लावून गायला बसल्या की त्यांना त्यांचाच आवाज मागून यायचा. त्यांना वाटलं, कोणीतरी आपली नक्कल करतंय. होतं असं, की कॉम्प्युटर आवाजाचे आकडे एकेक करून घेत नाही, घमेल्याने घेतो. १०२४ आकडे भरले की एक घमेलं उचललं. सेकंदाला ४४,१०० च्या हिशोबाने एक घमेलं भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. ते आत न्यायचं, परत बाहेर हेडफोनमध्ये आणायचं, शिवाय मधल्या दुभाष्याचा वेळ. सगळं मिळून गाणाऱ्याला जाणवण्याइतका उशीर होतो. घमेलं लहान केलं, २५६ चं, तर सहा मिलिसेकंदांच्या आत भरतं. पण मग आमच्या जुन्या कॉम्प्युटरला इतक्या फेऱ्या झेपत नाहीत आणि आवाजात टकटक येते. यासाठी आस्यो नावाची खास वाट असते, स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने काढलेली, विंडोजमधली मधली दारं टाळून जाणारी. पण त्यासाठी पेटी, दुभाषा आणि सॉफ्टवेअर तिघांनाही ती वाट माहीत असावी लागते. आमचं काम याहून सोपं निघालं. पेटीवर एक छोटं बटण होतं. ते दाबलं की गाणारीचा आवाज कॉम्प्युटरकडे जातोच, पण पेटीतूनच थेट हेडफोनमध्येही येतो. मावशींना बोलावून आणलं, बटण दाबलं आणि त्या म्हणाल्या, "हां, आता ती बाई गप्प बसली."

दुसरी फजिती भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगची. मंडळाने एक अभंग मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवला होता, त्यात आम्हाला इथे टाळ भरायचे होते. आमची पट्टी ४४,१०० ची आणि मोबाईलमधली ४८,००० ची. व्हिडिओच्या जगात ४८,००० चाच हिशोब चालतो. दोन्ही पट्ट्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये सुखाने नांदत होत्या, काही बिघडलेलं नव्हतं. पण आमच्यातल्या एकीला आकडे वेगळे दिसले, ते खटकले आणि तिने मोबाईलच्या पट्टीवरचा आकडा बदलून ४४,१०० केला. हिशोब जुळला आणि गाणं बिघडलं! मापं घेतली होती सेकंदाला ४८,००० आणि वाजायला लागली ४४,१०० च्या चालीने. तीन मिनिटांचा अभंग तीन मिनिटं सोळा सेकंदांचा झाला आणि सूर हार्मोनियमवर मोजला तर जवळजवळ दीड पट्टी खाली गेला. मंडळातल्या काकू ऐकून म्हणाल्या, "हे आमचे बुवा गातायत की काय?" आकडा बदलायचाच असेल तर त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, ती मापं नव्याने बेतून देते. नुसतं लेबल बदलून चालत नाही. रेशनच्या पोत्यावरचा ५० चा आकडा खोडून ४५ लिहिला म्हणून तांदूळ काही कमी होत नाही, तसंच हे.

एवढी सगळी रड सांगितली, तर एक न रडवणारी गोष्टही सांगायला हवी. याच मंडळाकडे एक जुना कीबोर्ड होता, मागे पाच पिनांची गोल भोकं असलेला. आमच्या मापाने तो तर पणजोबाच. आम्ही म्हटलं, याला कोण ओळखणार? भाऊजींनी एक वायर आणली, एका टोकाला गोल पिना, दुसऱ्या टोकाला यूएसबी. लावली आणि कॉम्प्युटरने लगेच ओळखलं. या जोडणीला मिडी म्हणतात. तिच्यातून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो, की अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि एकमेकांशी धंद्यात स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून ही एकच भाषा मान्य केली. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरने जोडून दाखवली होती. त्या दोघांना २०१३ साली त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षांपूर्वीचं वाद्य आजच्या कॉम्प्युटरशी बोलतं ते याच्यामुळे. आमची तीन वर्षांची विंडोज जुनी होते नि ही भाषा टिकते, याचं आम्हाला राहून राहून नवल वाटतं. ती भाषा कुणा एकाच्या मालकीची ठेवली नाही, म्हणून हे झालं असावं असं आमचं मत आहे.

आता सध्याची अडचण. विंडोज १० ची नेहमीची देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ आमच्या २०११ च्या कॉम्प्युटरला घेतच नाही. बैठकीत पुन्हा विषय निघाला, नवीन घ्यायचा का? या वेळी आम्ही घाई केली नाही. रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढून टाकलं. फायली पेनड्राइव्हने जातात, इंटरनेटचं सगळं काम मोबाईलवर. जो कॉम्प्युटर नीट रेकॉर्ड करतोय, त्याच्यात चालू कामाच्या मध्ये काहीही नवीन घालायचं नाही, असा ठरावच इतिवृत्तात लिहिला आहे. पोरं हसतात. हसू देत. हप्ते फिटून थोडे पैसे साठले की बघू. लिनक्स नावाची फुकट व्यवस्था आहे, आणि काही पेट्या वेगळ्या दुभाष्याशिवाय तिच्यावर चालतात, असं भाऊजी म्हणतात. आमची चालते का, ते ते आधी दुसऱ्या डिस्कवर करून बघणार आहेत. चालणाऱ्या डिस्कला हात न लावता.

गटाच्या हिशोबाच्या वहीशेजारी आता एक दुसरी वही असते. तिच्या पहिल्या पानावर कॉम्प्युटरची कुंडली आहे: विंडोज कुठली, किती बिट, रॅम किती आणि कुठल्या जातीची, यूएसबीची भोकं किती आणि पेटी त्यातल्या कुठल्या भोकात लागते. पुढे पेटीचं नाव, दुभाष्याची आवृत्ती, ऑडॅसिटीची आवृत्ती, सगळी कामं ४४,१०० वर की ४८,००० वर. दुभाष्याची फाईल पेनड्राइव्हमध्ये घालून तो पेनड्राइव्ह वहीच्या पुठ्ठ्याला पाकिटात चिकटवला आहे, कारण कंपन्या जुने दुभाषे कधी काढून टाकतील याचा नेम नाही. आणि काही बदललं की तारीख टाकून लिहायचं, कोणी बदललं तेही. सही करायची.

शेजारच्या गावच्या ताईंना आम्ही शेवटी आमची यादी दिलीच नाही. त्यांना म्हटलं, आधी तुमच्या कॉम्प्युटरची कुंडली लिहून आणा. मग ती घेऊन दुकानात जा, डबा उलटा करून दोन्ही कागद शेजारी धरा. जे जुळत नाही ते तिथेच विचारा, आणि पैसे देण्याआधी तुमचाच कॉम्प्युटर दुकानात नेऊन लावून बघता येईल का तेही विचारा. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघा. उघडलेला डबा परत घेणार की नाही, हे बिलावर लिहून घ्या. त्या ताई परवा जाऊन आल्या. त्यांचा लॅपटॉप नवा आहे, ६४ बिटचा, पण यूएसबीचं भोक फक्त लहान गोल कडांचं एकच. पेटीची वायर चौकोनी तोंडाची. दुकानातच कळलं, आणि काहीशे रुपयांच्या जोडवायरवर भागलं.

आमचे अठरा हप्ते मागेच फिटले. ज्या काकूंनी लोणचं घालायला सांगितलं होतं, त्या आता दर शुक्रवारी हेडफोन लावून बसतात आणि कोणी वायरीला हात लावला की ओरडतात. पिठाची गिरणीही नंतरच्या कर्जातून दुरुस्त झाली. पण ती चालू असताना रेकॉर्डिंग करता येत नाही, तो वाद अजून मिटलेला नाही.

आता आमची वेळ संपत आली. यानंतर तुम्हाला आजींच्या वाचलेल्या दोन दिवसांतली एक ओवी ऐकवतो. ही त्या जुन्या माईकवरची आहे, त्यामुळे मागे घरघर ऐकू येईल. त्यातली थोडी जात्याची आहे, बाकीची कॉम्प्युटरची.